कॉम्प्युटरला वारं लागलं

"खोकतोय," सासूबाई म्हणाल्या.

स्वेतोझार क्रुनिचने कॉफीचा कप ओठांपाशीच थांबवला. "कोण खोकतोय, आई?"

"तुझा तो कोपऱ्यातला. काळा. कालपासून खोकतोय. आज त्याच्या शेजारच्यानेही सुरू केलंय. लागण आहे घरात."

"आई, तो कॉम्प्युटर आहे. त्याच्या आतला पंखा जुना झालाय, म्हणून घरघरतो."

"माझा मिलुतिनही घरघरायचा. तोही म्हणायचा, काही नाही, जुना झालोय. कुठाय आता मिलुतिन?"

मिलुतिन म्हणजे स्वेतोझारचे सासरे. ते कित्येक वर्षांपासून आमच्या वरच्या क्रुश्का गावाच्या दफनभूमीत होते आणि त्यांना वाऱ्याने नेलं असं सासूबाईंचं ठाम मत होतं. गाव म्हणे, शिडीवरून पडले. पण शिडीवर चढले कशाला? माळ्याची खिडकी लावायला. खिडकी लावायची का होती? समोरचं दार उघडं होतं म्हणून. या युक्तिवादापुढे पाद्र्याचंही काही चाललं नव्हतं.

आमच्याकडे लांडग्याला फारसं कोणी भीत नाही. सरकारला तर नाहीच नाही. पण समोरासमोरच्या दारा-खिडकीतून आरपार जाणाऱ्या वाऱ्याला, म्हणजे प्रोमायाला, घरोघर भितात. त्याने मान धरते, कंबर जाते, तोंड वाकडं होतं, मूल होत नाही आणि झालंच तर गणितात नापास होतं. खुद्द स्वेतोझार आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होता. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहते, हा धडा शिकवतानाही त्याच्या वर्गाच्या खिडक्या कडेकोट बंद असत.

तो निवृत्त झाला त्याच वर्षी शाळेला नवे कॉम्प्युटर आले आणि जुने भंगारात निघाले. स्वेतोझारने त्यातले पाच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घरी आणले. स्वयंपाकघराला लागून असलेल्या छोट्या खोलीत, लाल मिरचीच्या चटणीच्या बरण्या आणि आंबवलेल्या कोबीचं पिंप यांच्या मध्ये, ते ओळीने मांडले आणि त्यांना आकाशाच्या कामाला लावलं. परदेशातल्या एका वेधशाळेला सूर्याभोवती फिरणाऱ्या हजारो दगडांचे मार्ग काढायचे होते. तेवढं गणित करायला तिच्याकडे यंत्रं नव्हती. म्हणून ती गणिताचे तुकडे करून जगभरच्या हौशी लोकांना पाठवी. लोकांची यंत्रं घरबसल्या तुकडा सोडवत आणि उत्तर परत पाठवत. पैसे नाहीत, पदक नाही, नुसती हौस. पडद्यावर किती टक्के झालं आणि किती वेळ उरला एवढं दिसे, आणि स्वेतोझार ते टीव्हीवरच्या फुटबॉलसारखं बघत बसे.

पण या वर्षी हौसेच्या पलीकडचं काही पणाला लागलं होतं.

लग्नाच्या दिवशी, चार प्याले पोटात गेल्यावर, स्वेतोझारने टेबलावर चढून जाहीर केलं होतं, "विदा, मी तुला आकाशातला तारा देईन!" त्याला वाटलं, टाळ्या पडतील आणि विषय संपेल. टाळ्या पडल्या, पण विषय चाळीस वर्षं संपला नाही. गॅसची टाकी आणायला विसरला, की विदा, म्हणजे त्याची बायको विदोसावा, म्हणे, "तारा देणार होता म्हणे." बाथरूमचा नळ गळायला लागला, की "नळाचं राहू दे, तारा आलाय का बघ." आणि तो नाकबूल करायला जावा, तर ग्वोझदेन होताच. ग्वोझदेन हा त्याचा कूम, लग्नातला साक्षीदार. आमच्याकडे कूम सख्ख्या भावाच्या वरचा. वर देव आणि खाली कूम, मधे कोणी नाही. कूमशी भांडायचं नाही, कूमवर संशय घ्यायचा नाही, आणि कूमने साक्ष दिली की ती खोडायची नाही.

त्या शरद ऋतूत वेधशाळेने कळवलं की डिसेंबरातल्या संत निकोलाच्या दिवशी दुपारी चारपर्यंत छोट्या गावांच्या गटांपैकी जो सर्वांत जास्त तुकडे सोडवून देईल, त्याने एका नव्या दगडाला नाव सुचवावं. छोट्या गावांत दोनच गट दमदार होते. एक वरची क्रुश्का, म्हणजे स्वेतोझार आणि पाद्री तिमोतिये. त्यातला पाद्री स्वतःचा पासवर्ड विसरला होता. "देवाला माहीत आहे तो," असं म्हणून त्याने हात वर केले होते. दुसरा गट खालची क्रुश्का, म्हणजे कूम ग्वोझदेन एकटा.

"मी जिंकलो तर दगडाला शारोन्याचं नाव देणार," ग्वोझदेनने सांगून टाकलं होतं. शारोन्या हा त्याचा मेंढा.

म्हणजे आकाशात एक तर विदोसावा फिरणार होती, नाहीतर मेंढा. स्वेतोझारने बायकोला यातलं काही सांगितलं नव्हतं. तिच्यासमोर एकदम जिंकून उभं राहायचं, अशी त्याची इच्छा होती. आणि नेमकी तेव्हाच यंत्रं ढेपाळली.

एका दिवसात होणारं काम तीन दिवसांत होईना. उरलेला वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागला. सकाळी 'उरले दहा तास', संध्याकाळी 'उरले चौदा'. स्वेतोझार चष्मा पुसून पुन्हा बघे, तर पंधरा.

त्याने शास्त्रीय पद्धतीने उपाय सुरू केले. यंत्र बसून असताना पडद्यावर फिरणारी रंगीत चित्रं बंद केली. ती बघायलाच शेजारणी कॉफीला येत असत, त्या रुसल्या. यंत्राला कोणी हात लावला की गणित थांबायचं, अशी एक सोय होती, तीही काढून टाकली. सायकलच्या पंपाने आतली धूळ उडवली. ती धूळ कोबीच्या पिंपात जाऊन बसली आणि विदोसावाने त्याला तासभर त्याची जागा दाखवून दिली. शेवटी त्याने पाचही यंत्रांची बाजूची पत्र्याची झाकणं काढून टाकली. मग डोक्यावर कानटोपी चढवली, गळ्यात मफलर गुंडाळला, आणि श्वास रोखून खोलीची खिडकी बोटभर उघडली. दार उघडंच ठेवलं.

"आता घेतील बिचारे मोकळा श्वास," असं म्हणून तो जेवणानंतर नेहमीप्रमाणे बुद्धिबळ खेळायला निघून गेला.

अंगणाचं फाटक त्याच्यामागे करकरलं आणि सासूबाई खोलीत आल्या. बघतात तो काय, पाचही जण उघडे! आतली आतडी दिसतायत, खिडकीतून वारा येतोय, दारातून जातोय, आणि पोरं खोकतायत.

"अरे देवा," सासूबाई म्हणाल्या. "मारतोय त्यांना."

त्यांनी आधी खिडकी लावली आणि फटीत उशी कोंबली. मग पेटीतून लोकर काढली. पहिलं बंडी-स्वेटर त्या दिवशीच तयार झालं: निळ्यावर पांढरे पट्टे, वायरीसाठी मागे एक भोक. आठवडा संपेपर्यंत पाचही जणांना एकेक मिळालं. स्वेतोझार बुद्धिबळाला गेला की सासूबाई पोरांना कपडे चढवत, आणि फाटक करकरलं की ते उतरवून पलंगाखाली टाकत, उशी ओढून खिडकी पुन्हा बोटभर उघडत. जावई शिकलेला होता, त्याला आजारपणातलं काही कळत नव्हतं, आणि कळत नसलेल्या माणसाशी वाद घालण्याएवढं त्यांचं आयुष्य शिल्लक नव्हतं.

आता लोकरीत गुंडाळल्यावर यंत्र तापणार, तापलं की पंखा जोरात फिरणार, आणि तरीही निवलं नाही की यंत्र स्वतःला वाचवायला कामाचा वेग कमी करणार. सासूबाईंना ऐकू येई तो फक्त खोकला. तो वाढला. त्यांनी काळ्याच्या डोक्यावर हात ठेवून पाहिला, तर चटका बसला.

"ताप!" त्या म्हणाल्या.

तापावर आमच्याकडे एकच औषध आहे. लोकरीचे मोजे प्लमच्या दारूत भिजवायचे, पिळायचे आणि आजाऱ्याच्या पायांत चढवायचे. यंत्रांना पाय नव्हते, म्हणून सासूबाईंनी मोजे डोक्यावर ठेवले.

संध्याकाळी स्वेतोझार घरी आला, पडद्यावर बघितलं, तर उरलेला वेळ ईस्टरपर्यंत गेलेला. तो मटकन स्टुलावर बसला. मग त्याने नाक वर केलं, हुंगलं, आणि पुन्हा हुंगलं.

"विदा! या खोलीत कोण आलं होतं?"

"कोण येणार तुझ्या त्या खोलीत? तारा आला असेल."

"मस्करी नको. इथे दारूचा वास येतोय. साध्या दारूचा नाही. ग्वोझदेनच्या दारूचा!"

ग्वोझदेनची दारू गावात डोळे बांधूनही ओळखता येई, कारण तो तिच्यात वाळलेली सफरचंदाची सालं टाकत असे. स्वेतोझारच्या डोक्यात प्रकाश पडला, पण तो चुकीच्या दिव्याचा होता. कूम! कूम चोरून येतो, थोडी पितो, यंत्रांत काहीतरी करून ठेवतो आणि निघून जातो. सख्खा कूम, मेंढ्यासाठी!

पण कूमवर आरोप करायची सोय नव्हती. म्हणून तो दुसऱ्या दिवशी खालच्या क्रुश्काला सहज भेटायला गेला. सहज म्हणजे न कळवता, चालत, पावसात.

ग्वोझदेन पूर्वी वीजमंडळात तारा ओढायचा. त्याने दारातच चपला पुढे केल्या, प्याला भरला, आणि विचारलं, "काय कूम, चेहरा का पडलाय? यंत्रं आजारी आहेत का?"

"तुला कसं कळलं?" स्वेतोझारने डोळे बारीक केले.

"पडद्यावर दिसतं की. गेल्या आठवड्यात वरच्या क्रुश्काने दोन तुकडे दिले. माझा शारोन्या एकटा यापेक्षा जास्त गणित करेल. गरम होतायत का?"

"होतायत. का होतायत ते तूच सांग."

"मी? मला काय माहीत! चल, माझी दाखवतो."

त्याने स्वेतोझारला तळघरात नेलं. वाईनच्या पिंपांमध्ये त्याची यंत्रं सुखाने गुणगुणत होती. दोन्ही बाजूंचे झरोके सताड उघडे होते, आणि मधून असा वारा वाहत होता की स्वेतोझारने पटकन मानेवर हात ठेवला.

"आरपार वारा, कूम," ग्वोझदेन हळूच म्हणाला. "हे माझं गुपित. आधी मलाही जमत नव्हतं. पण गेल्या साली माझी सासू मुलीकडे राहायला गेली, धाकट्या मुलीकडे, नोवी सादला. त्या दिवसापासून वेग दुप्पट."

"सासूचा काय संबंध?"

ग्वोझदेनने त्याच्याकडे बघितलं. "तू शिक्षक होतास ना रे?" तो म्हणाला आणि जिना चढायला लागला.

स्वेतोझार परत निघाला तो चिडून. कूम चेष्टा करत होता. आरपार वाऱ्याने कोणी बरं होतं का? आपल्याला मुद्दाम वाऱ्यात उभं केलं, मान धरावी म्हणून! त्याने ठरवलं, चोराला रंगेहात पकडायचं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्याने टोपी घातली, मोठ्याने "चाललो मी बुद्धिबळाला!" असं सांगितलं, फाटक दोनदा करकरवलं, आणि गल्लीला वळसा घालून शेजाऱ्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यावरून स्वतःच्याच कुंपणावर चढला. उतरताना विजारीची शिवण गेली. कोंबड्यांनी गाव डोक्यावर घेतलं. पण तो वाकत वाकत मागच्या दाराने घुसला आणि खोलीचं दार धाडकन उघडून ओरडला, "सापडलास, कूम!"

स्टुलावर सासूबाई बसल्या होत्या. समोर पाचही कॉम्प्युटर पट्ट्यापट्ट्यांच्या बंड्या घालून, डोक्यांवर ओले मोजे घेऊन, ओळीने घरघरत होते. सासूबाईंच्या हातात सुया होत्या आणि सुयांवर काहीतरी गोल चाललं होतं.

"हळू," त्या म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

"आई!"

"विजार फाटलीय तुझी. अशानेच वारं लागतं. दार लाव."

"आई, तुम्ही यांना स्वेटर घातलेत?"

"स्वेटर घातलेत, टोपी राहिलीय. तू त्यांना उघडं करून वाऱ्यात बसवलंस, मग कोणी बघायचं?"

"ती यंत्रं आहेत!"

"यंत्रं असली म्हणून काय झालं? खोकतायत ना? गेल्या हिवाळ्यात तुझी कंबर धरली होती, तेव्हा मोजे कोणी बांधले? तेव्हा बरा ओरडला नाहीस."

कंबर तेव्हा खरंच सुटली होती. ओरडा ऐकून विदोसावा आली, तिने ओळीने पाच बंड्या बघितल्या आणि दाराला टेकून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "निळं छान दिसतंय त्याला," ती डोळे पुसत म्हणाली.

स्वेतोझारने बंड्या उतरवल्या, मोजे काढले, उशी ओढली. सासूबाईंना त्याने सफरचंद आणि चूल वापरून उष्णतेचं वहन समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सफरचंद खाल्लं आणि म्हणाल्या, "ठीक. हात लावणार नाही. पण मेले तर माझ्याकडे रडत यायचं नाही." कूमवर घेतलेल्या संशयाची मात्र त्याला फार लाज वाटली. ती दारू ग्वोझदेननेच सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी दिली होती.

यंत्रं सुधारली. तुकडे भराभर परत जायला लागले. वरची क्रुश्का रोज थोडी थोडी वर सरकली, आणि संत निकोलाचा दिवस उजाडला तेव्हा खालची क्रुश्का फक्त चार तुकड्यांनी पुढे होती. ग्वोझदेनच्या यंत्रांना त्याच पहाटे नवे तुकडे मिळाले होते, ते काही उद्याशिवाय संपणार नव्हते. स्वेतोझारची पाचही यंत्रं मात्र शेवटच्या टप्प्यात होती. पाचही तुकडे दुपारी चारच्या आत संपले तर विदोसावा. एक जरी राहिला तर मेंढ्याचीच सरशी, कारण बरोबरी झाली तर आधी पुढे असलेला जिंकणार होता.

आता अडचण अशी की संत निकोला हा क्रुनिच घराण्याचा संत. त्या दिवशी घरी स्लावा, म्हणजे कुलसंताचा सण. स्लावाला कोणाला बोलावत नाहीत. ज्याला आठवतं तो येतो, आणि आठवतं सगळ्यांना. पहाटेपासून भट्टीत घेवडा आणि आमच्याकडे उपासाला चालणारे मासे भाजले जात होते, म्हणजे भिंतीपलीकडच्या छोट्या खोलीची दुसरी भट्टी झाली होती. दुपारपर्यंत पाव कापून झाला, उकडलेला गहू वाटून झाला, टेबलाच्या मधोमध स्लावाची उंच मेणबत्ती तेवत होती, आणि काळा कॉम्प्युटर पुन्हा खोकायला लागला. स्वेतोझार दर पाच मिनिटांनी उठून बघून येई. पडद्यावर 'उरले दोन तास' आणि घड्याळात तीन वाजलेले.

"बस की कूम," ग्वोझदेन मानाच्या जागेवरून म्हणाला. "यजमानाने स्लावाला उभं राहायचं असतं हे खरं, पण धावायचं नसतं."

उपाय एकच होता. छोट्या खोलीची खिडकी उघडायची, मधलं दार उघडायचं आणि समोरची, पाहुण्यांच्या पाठीमागची, बैठकीची खिडकी उघडायची. थंड वारा सरळ यंत्रांवरून जाईल. आणि सरळ पाहुण्यांच्या मानांवरूनही जाईल. स्लावाला आलेल्या पाहुण्याला आरपार वाऱ्यात बसवणारा यजमान आमच्याकडे अजून जन्माला आलेला नाही.

स्वेतोझारने हळूच बैठकीची खिडकी ढकलली. पाद्री तिमोतिये न बघता मागे हात नेऊन ती लावून मोकळा झाला. स्वेतोझारने दुसऱ्यांदा उघडली. या वेळी तिघेजण उठले, एकाने कॉलर वर केली, मेणबत्तीची ज्योत आडवी झाली, आणि सगळ्या बायका एकदम किंचाळल्या. मेणबत्ती विझली तर वर्षभर घराचं काही खरं नव्हतं.

"वेड लागलं का रे तुला?" सासूबाई कडाडल्या. "पाहुण्यांना मारतोस?"

"आई," स्वेतोझार म्हणाला. "मला वारा पाहिजे. तासभर. ही पाच गणितं संपली तर मला आकाशातल्या एका दगडाला नाव देता येईल. मला विदाचं नाव द्यायचंय. चाळीस वर्षं ऐकतोय मी, तारा कुठाय, तारा कुठाय. नाही संपली तर वर शारोन्या फिरेल. मेंढा!"

दारात विदोसावा माशांचं ताट घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिला काय बोलावं ते सुचेना.

सासूबाईंना सुचलं. "दगड म्हणालास?"

"दगड."

"तारा नाही?"

मेणबत्तीसमोर खोटं बोलणं शक्य नव्हतं, आणि तो शेवटी भौतिकशास्त्राचा शिक्षक होता. "नाही. तारा स्वतः जळतो. हा नुसता फिरतो."

"म्हणजे विदाला दिलेला शब्द वेगळा. तो राहिलाच." सासूबाईंनी हात मांडीवर ठेवले. "दगड कोणाला कबूल केलेला नाहीस. दगड मला दे. मी देते तुला वारा."

"आई, अहो..."

"दे. तुझ्या घरात मी चाळीस वर्षं खिडक्या लावतेय. कधी फूल आणलंस का?"

स्वेतोझारने बायकोकडे बघितलं. विदोसावाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू, आणि कुठलं आधी येणार हे तिलाच ठरवता येत नव्हतं. "देऊन टाक तिला," ती म्हणाली. "मासे गार होतायत."

"दिला," स्वेतोझार म्हणाला.

"मी साक्षीदार," ग्वोझदेनने प्याला उचलला.

मग सासूबाई उठल्या. त्यांनी पलंगाखालून पाच बंड्या काढल्या आणि वाऱ्याच्या वाटेत बसलेल्या पाच जणांना चढवल्या. बंड्या चौकोनी, बाह्या नाहीत, वायरीसाठी एकच भोक. पाद्री तिमोतियेने त्या भोकातून उजवा हात बाहेर काढला, कारण आशीर्वाद आणि प्याला दोन्ही त्याच हाताने चालत. बाकीच्यांना शेजारच्यांनी घास भरवले. कॉम्प्युटरची पत्र्याची झाकणं आणवून सासूबाईंनी ती मेणबत्तीभोवती उभी केली. शेवटी त्यांनी स्वतःची खुर्ची ओढून बरोबर दारात, वाऱ्याच्या ऐन धारेत ठेवली, क्रूसाची खूण केली आणि त्या तिच्यावर बसल्या.

"उघड," त्या म्हणाल्या.

खिडक्या उघडल्या. डिसेंबरचा वारा एका बाजूने घुसला, सासूबाईंचा रुमाल उडवून यंत्रांवरून पलीकडे गेला. काळा एकदा खोकला आणि गप्प झाला. स्वेतोझार आतून ओरडून टक्के सांगायला लागला. "नव्वद! पहिला त्र्याण्णव!" पाहुणे पट्ट्यापट्ट्यांच्या बंड्यांत अडकून पडल्यासारखे बसले होते, पण प्रत्येक टक्क्याला "हो!" म्हणून ओरडत होते. दुसरा गेला, तिसरा गेला. ग्वोझदेनसुद्धा भान विसरून टेबल बडवायला लागला. बाहेर चर्चची घंटा चारचे ठोके देत होती तेव्हा काळ्याने शेवटचा तुकडा पाठवला.

मेणबत्ती तेवत होती. कोणाचंही तोंड वाकडं झालेलं नव्हतं. पाद्र्याची मान दुसऱ्या दिवशी धरली, पण तो म्हणाला की ती दरवर्षी स्लावानंतर धरतेच.

नाव लिहून पाठवताना स्वेतोझारचा हात जरा घुटमळला. त्याने 'वि' लिहिलाही. लगेच खांद्यामागून ग्वोझदेन खाकरला. "कूम, मी होतो तिथे." शारोन्या हरल्याची सगळी भरपाई त्या एका वाक्यात त्याने वसूल केली. स्वेतोझारने 'वि' पुसला.

वसंतात वेधशाळेने नाव पक्कं झाल्याचं कळवलं. प्लमची झाडं फुलली होती, सासूबाई अंगणात उन्हात बसल्या होत्या, पायांत दोन जोड मोजे. स्वेतोझारने त्यांना बातमी सांगितली: येल्का, म्हणजे खुद्द सासूबाईंच्या नावाचा दगड आता सूर्याभोवती फिरतोय.

"नळाचं काय झालं?" विदोसावा स्वयंपाकघरातून ओरडली. "पुन्हा गळतोय. तारा देणार होता म्हणे!"

"अगं, आत्ताच तर..."

"तो आईचा दगड. माझा तारा बाकी आहे." ती दारात आली, हात पुसत, आणि खुशीत दिसली. "आणि घाई करू नकोस. दिलास तर मी भांडणात काय काढू?"

सासूबाई आकाशाकडे बघत होत्या. "स्वेतो, तिथे वर वारा कितपत असतो?"

"वारा नसतोच, आई. हवाच नाही तिथे. पूर्ण पोकळी."

सासूबाईंनी डोक्यावरचा रुमाल जरा सैल केला. "मिलुतिनला तिथेच न्यायला हवं होतं," त्या हळूच म्हणाल्या. मग पुन्हा विचारलं, "पण गारठा?"

"गारठा भयंकर. आपल्याला कल्पनाही नाही येणार."

सासूबाईंनी खुर्चीखालची पिशवी पुढे ओढली, लोकरीचा गुंडा मांडीवर घेतला आणि सुया काढल्या.

"घेर किती म्हणालास त्याचा?"